सत्कारमूर्ती खेळत नसतात

भारतीय बास्केटबॉलच्या इतिहासात सम्यक खिल्लारे हे नाव सुवर्णाक्षरांनी लिहिलं जाईल. हे वाक्य घाटकोपरला पंतनगरच्या नाक्यावर, दिव्याच्या खांबाला बांधलेल्या फ्लेक्सवर छापलेलं होतं, आणि त्याच फ्लेक्सवर सम्यकच्या हातात व्हॉलीबॉल होता.

यात फ्लेक्सवाल्याला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये हातात देता येतील असे दोनच चेंडू होते, आणि त्यातला फुटबॉल त्याने आदल्याच दिवशी एका माजी नगरसेवकाच्या चिरंजीवांच्या वाढदिवसाला खर्च केला होता.

शनिवारी सकाळी सराव आटोपून सम्यक नाक्यावर आला तेव्हा फ्लेक्स नुकताच लागला होता. इतरांना तो मान वर करून वाचावा लागत असे. सम्यक साडेसहा फुटांच्या आसपास असल्यामुळे खालची ओळ थेट त्याच्या डोळ्यांसमोर आली: ‘प्रदीर्घ कारकिर्दीनंतर निवृत्तीनिमित्त भव्य नागरी सत्कार.’ त्याने ती पुन्हा एकदा वाचली. आपण निवृत्त झालो आहोत हे त्याला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

कारकीर्द प्रदीर्घ होती, एवढं मात्र खरं. बास्केटबॉल खेळून आपल्याकडे कुणी श्रीमंत होत नाही, पण ज्यांना रेल्वेत किंवा बँकेत खेळाडू म्हणून चिकटता येतं ते निदान सुखी होतात. सम्यकला चिकटता आलं नाही. त्याच्या वर्षी रेल्वेत त्याच्या उंचीच्या माणसासाठी एकच जागा होती आणि तिच्यावर चाचणीच्या आधीच कुणीतरी बसलेलं होतं. मग तो ‘गेस्ट’ झाला. गेस्ट म्हणजे स्पर्धेपुरता उसना आणलेला खेळाडू. स्पर्धा संपली की दुसरीकडे. कोइमतूरच्या एका सूतगिरणीकडून तो खेळला, लुधियानाच्या सायकल कारखान्याकडून खेळला, काठमांडूला एक हंगाम काढला, मालदीवच्या एका बेटावर असा एक संघ होता की कोर्टाबाहेर गेलेला चेंडू पोहून आणावा लागे. मध्येच देशात एक मोठी लीग निघाली होती, सुपर हूप म्हणून. तिच्या इंदूरच्या संघात तो होता. एका सकाळी सगळे हॉटेलात नाश्त्याला गेले तर मालक आधीच बसलेला. त्याने सांगितलं, संघ आजपासून बंद, इडली गरम आहे.

खेळाडू म्हणून तो कुणाच्या लक्षात राहील असा नव्हता. बास्केट दुसरेच करत. सम्यकचं काम म्हणजे रिंगवरून उडालेला चेंडू ओढून घ्यायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि तिसऱ्याच्या वाटेत भिंतीसारखं उभं राहायचं. हे काम तो इतकं चोख करी की प्रत्येक संघाला पुढच्या वर्षी त्याच्यापेक्षा तरुण भिंत आणावीशी वाटे. घरी त्याच्या जुन्या जर्सींचा ढीग होता. प्रियंका, म्हणजे त्याची बायको, लुधियानाने गॅसची शेगडी पुसायची आणि काठमांडूने लादी.

पण त्या शनिवारी त्याच्यापुढे एक गोष्ट शिल्लक होती. उन्हाळ्यात नवी लीग येणार होती, तिच्यात मुंबईचा संघ होता आणि त्या संघाचे प्रशिक्षक कुंडलिक सर होते. त्यांनी फोनवर म्हटलं होतं, “रविवारी पंतनगरला येतोच आहे. तुमची फायनल आहे म्हणतोस? बघू तुझा गुडघा काय म्हणतो ते.” सम्यकने एवढ्यावर तीन आठवडे जिने चढण्याचा सराव केला होता. प्रियंकाने दुसरीकडे मुलुंडच्या एका शाळेत त्याच्यासाठी पीटीच्या सरांची जागा बघून ठेवली होती. शाळेला सोमवारी कळवायचं होतं. नवरा-बायकोत ठरलं होतं ते असं: कुंडलिक सरांनी घेतलं तर आणखी एक हंगाम, नाही घेतलं तर शाळा, आणि मग विषय कायमचा बंद.

तर रविवारी खेळणं आवश्यक होतं. आणि फ्लेक्स म्हणत होता, निवृत्त.

फ्लेक्स लावणाऱ्या आणि फायनलही भरवणाऱ्या मंडळाचं ऑफिस नाक्यावरच होतं. अध्यक्ष गुणाजी परब खुर्चीवर चढून ट्यूबलाइट बदलत होते. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते, स्वतः विम्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले; त्यामुळे निवृत्ती हा विषय त्यांना जवळचा होता.

“इलस? बघितलंस मा फ्लेक्स? चार रंगात केलाय.”

“काका, मी रिटायर कुठे झालोय?”

“म्हणजे?”

“म्हणजे नाही झालो. उद्या फायनल खेळतोय मी. आपला कप्तान सर्वेश, त्याने टीममध्ये नाव दिलंय माझं.”

गुणाजी ट्यूबलाइट हातात घेऊन खाली उतरले. “मेल्या, तुझ्या बापाशीनच सांगल्यान माका. तो इलो, बसलो, म्हणालो, पोराचा एकदा नीट सत्कार करा. मी इचारलं, पोरगो निवृत्त झालो काय? तर तो म्हणालो, आता व्हायलाच हवा.”

“सत्कार करा ना. पाच वाजता सत्कार, सहाला मी फेटा काढून खेळतो.”

“सत्कारमूर्ती खेळणत नाय. स्टेजवर बसतत.” गुणाजींनी हे अशा सुरात सांगितलं की घटनेत तसं कलम असावं. “आणि समज, तू उतरलंस. पंच तुका फाउल कसो देतलो? आत्ताच ज्येच्या गळ्यात हार घातलो त्येका? वर फायनलचे ते मुलुंडवाले. त्यांनी सकाळीच फ्लेक्सचा फोटो धाडल्यानी माका. म्हणतत, निवृत्त माणूस चालणार नाय, आम्ही ऑब्जेक्शन घेऊ.”

मुलुंडच्या संघाने फ्लेक्स एवढ्या बारकाईने वाचला याचं सम्यकला नाही म्हटलं तरी बरं वाटलं. गेल्या कित्येक वर्षांत त्याच्याविरुद्ध कुणी ऑब्जेक्शन घेतलं नव्हतं.

“मग करायचं काय, काका?”

गुणाजींनी डोकं खाजवलं. ते मनाने वाईट नव्हते. “एक होऊक शकता. उद्या सत्कार झालो की तुका मनोगतासाठी माइक देतलो. तू सरळ सांग, मी निवृत्त नाय, मी आज खेळतंय. एवढा एक वाक्य. चार लोकांत तू बोललंस की मुलुंडवाल्यांक मी गप करतंय.” मग ट्यूबलाइटकडे बघत ते म्हणाले, “फक्त तुझो बापूस पुढच्या रांगेत बसतलो, इतक्या लक्षात ठेव.”

सम्यकचे वडील धोंडिराम महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते. म्हणजे ठरल्या वेळी गल्लीत जायचं, रस्त्यातलं झाकण उघडायचं, लांब लोखंडी चावीने व्हॉल्व्ह फिरवायचा आणि टेकडीवरच्या घरांना पाणी सोडायचं. वाशीमकडून मुंबईला आले ते हेच करत म्हातारे झाले. मुलाचा खेळ त्यांना कधी फारसा कळला नाही. जवळपास सामना असला की जायचे, सम्यकने चेंडू पकडला की टाळ्या वाजवायचे आणि त्याने तो लगेच दुसऱ्याला दिला की हळहळायचे. वस्तीत लोक विचारत, “धोंडिरामभाऊ, मुलगा काय करतो?” ते सांगत, “खेळतो.” लोक म्हणत, “ते असू दे. पण करतो काय?” या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांना आजवर सापडलेलं नव्हतं.

सम्यक घरी आला तो आज स्पष्ट बोलायचंच असं ठरवून. दारात चपलांचा खच. वाशीमहून द्रौपदी आत्या आली होती, तिचा मुलगा आला होता, सून आली होती. पलंगावर धोंडिरामांचा नवा पांढरा शर्ट घडी न मोडता पसरून ठेवला होता आणि त्याच्याकडे सगळे आजारी माणसाकडे बघावं तसे बघत होते.

“आला का रे बाबू!” आत्या म्हणाली. “काहून रे, थकला म्हन्ते तू आता? गुडघा गेला म्हन्ते?”

“गेला नाही आत्या. आहे.”

“हौ ना बावा. लय धावला तू. बस आता.”

बाबा त्याला दाराबाहेर गॅलरीत घेऊन गेले. त्यांच्या चेहऱ्यावर चोरून खाऊ आणलेल्या माणसाचा आनंद होता.

“बोर्ड पाहिला?”

“पाहिला.”

“गुणाजीला मी म्हटलं, खर्च होऊ दे, पण स्टेज पाहिजे, फेटा पाहिजे, मानपत्र वाचून दाखवायला पाहिजे. माझं तर काहीच झालं नाही रे. लॉकडाऊनमध्ये रिटायर झालो. मास्क लावून ऑफिसात गेलो, कोणी नव्हतं. चावी टेबलावर ठेवली आणि पायी घरी आलो. तुझ्या आईने दारातच सॅनिटायझर दिलं हातावर. एवढाच सत्कार.” ते हसले. “सकाळी तू गुडघ्याला बर्फ लावून बसतो, मी पाहतो ना. पोरगं दमलंय, पण याला कोणी ‘बस’ म्हणत नाही. सगळे बोलावतात आणि सोडून देतात. म्हटलं, आपणच म्हणावं. मानाने.”

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. सम्यकने कठड्यावर हात ठेवले. बोलायचं वाक्य तयार होतं, लहान होतं.

“शर्ट चांगला आहे, बाबा,” तो म्हणाला.

प्रियंका अंधेरीच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. दुपारी ती आली तेव्हा माणसांनी घर भरलेलं बघून सरळ स्वयंपाकघरात शिरली. सम्यक तिथे आधीच लपून बसला होता, जितकं त्याला लपता येत होतं तितकं. त्याने तिला सगळं सांगितलं.

“मग? बोललास का त्यांना?”

“कसं बोलू? आत्या आलीय गावाहून.”

“आत्या काय फेडरेशनची सेक्रेटरी आहे?” तिने लुधियानाने ओटा पुसला. “हे बघ, मला तू ती शाळा घ्यायला हवीयस. पहिल्या दिवसापासून सांगतेय. पण असं नाही. कुंडलिक सरांनी बघून नाही म्हटलं तर तू शांत राहशील. बघितलंच नाही, तर आयुष्यभर माझं डोकं खाशील.”

“एकच वाक्य बोलायचंय माइकवर.”

“मग बोल ना, यार. बापाचं दोन दिवस तोंड उतरेल. माझं गेली नऊ वर्षं उतरलेलंच आहे, मी मेले का?”

रविवारी मंडळाच्या कोर्टावर एका रिंगच्या मागे स्टेज बांधलं. बुद्ध, बाबासाहेब आणि शिवाजी महाराज यांच्या तसबिरींना हार घातले, समई पेटवली, ती वाऱ्याने विझली, पुन्हा पेटवली. सम्यकने कुडत्याच्या आत जर्सी घातली होती आणि पायात खेळायचे बूट होते. गुडघ्याला पट्टी सकाळीच बांधली होती. फेटा बांधणाऱ्याला स्टुलावर उभं राहावं लागलं. फेट्यासकट त्याची उंची इतकी झाली की स्टेजच्या कमानीतून तो वाकून आत गेला. लोकांना वाटलं, विनम्र आहे.

कुंडलिक सर आले होते. दुसऱ्या रांगेत कडेला, इस्त्रीच्या शर्टात, पायावर पाय टाकून बसले होते. त्यांच्यापुढच्या रांगेत धोंडिराम. नवा शर्ट मानेला टोचत असावा, ते सारखी मान हलवत होते. शेजारी आत्याने मोबाइल उंच धरला होता.

मानपत्र वाचलं गेलं. त्यात सम्यकने देशविदेश गाजवल्याचा उल्लेख होता. मालदीव हा त्यातला विदेश. शाल झाली, श्रीफळ झालं, भिंतीवरचं घड्याळ झालं. मग गुणाजींनी माइक हातात दिला आणि देताना हळूच म्हणाले, “एक वाक्य.”

खाली कोर्टाच्या कडेला सर्वेश आणि बाकीची पोरं अंग सैल करत उभी होती. सर्वेशने अंगठा वर केला. पलीकडे मुलुंडचा कप्तान हाताची घडी घालून ऐकत होता. कुंडलिक सर फोनवरून नजर काढून वर बघत होते. बरोबर त्याच्याकडे बघत होते.

“आदरणीय अध्यक्ष,” सम्यक म्हणाला, “आणि जमलेले सगळे. जय भीम.”

“जय भीम!” सगळ्यात मोठा आवाज बाबांचा होता. त्यांनी हे म्हणताना खुर्चीवरून अर्धवट उठून मागे वळून पाहिलं, म्हणजे मागच्या लोकांना कळावं की स्टेजवर बोलतोय तो यांचा मुलगा. मग ते पुन्हा बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून, मान स्थिर करून, ऐकू लागले. शर्ट टोचायचा थांबला असावा.

वाक्य सम्यकच्या तोंडात होतं. त्याने ते जिभेवर घेतलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. माइक कूं करून ओरडला.

“मी काही मोठा खेळाडू नव्हतो,” तो म्हणाला. ‘नव्हतो’ म्हटल्यावर पुढचं अवघड राहिलं नाही. “चेंडू पकडायचा आणि दुसऱ्याला द्यायचा, एवढंच केलं. आज बाबांनी मला बस म्हटलं. मी बसतो. धन्यवाद.”

टाळ्या झाल्या. धोंडिराम टाळ्या वाजवायचे विसरले. ते रुमाल शोधत होते आणि नव्या शर्टाला खिसा कुठे आहे हे त्यांना सापडत नव्हतं. सर्वेशने अंगठा खाली केला नाही, नुसता हात सोडला. गर्दीच्या मागे प्रियंका उभी होती. ती वळली आणि उसाच्या रसाच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिली.

फायनलच्या आधी सत्कारमूर्तींच्या हस्ते उद्घाटनाचा चेंडू, असं कार्यक्रमात होतं. फेटा, शाल आणि हार यांच्यासह सम्यकला फ्री थ्रोच्या रेषेवर नेण्यात आलं. त्याने चेंडू दोनदा आपटला. हातात आल्याबरोबर तो चेंडू त्याला ओळखीचा वाटला, इतर कुठलीच गोष्ट त्या दिवशी वाटली नव्हती तसा. त्याने टाकला. रिंगला न शिवता जाळीतून खाली.

“भाऊ, परत,” फोटोग्राफर म्हणाला. “फेटा कट झाला.”

पुन्हा टाकला. पुन्हा गेला.

“आता चेंडू कट झाला. वन्स मोअर.”

असं फोटोग्राफरचं समाधान होईपर्यंत चाललं. शालीचं टोक दर वेळी खांद्यावरून घसरे आणि गुणाजी दर वेळी ते नीट करीत. एकही चेंडू बाहेर गेला नाही. कारकिर्दीत फ्री थ्रो ही त्याची कच्ची बाजू होती. दोनातला एक जायचा, तोही रिंगवर थोडा विचार करून. लोक ओरडू लागले होते. सम्यकने मागे वळून पाहिलं. कुंडलिक सर टाळ्या वाजवत होते, निवृत्त माणसासाठी वाजवतात तशा, हात छातीशी धरून, सावकाश.

सामना त्याने स्टेजवरून पाहिला. बाबा शेजारी येऊन बसले होते, कारण गुणाजींनी त्यांनाही खुर्ची दिली. “हे सोपं आहे रे,” बाबा म्हणाले. “इथून सगळं दिसतं.” शेवटच्या मिनिटाला पंतनगर एका गुणाने पुढे होतं. मुलुंडच्या पोराने लांबून मारलेला चेंडू रिंगवर आपटला आणि उडाला. तो कुठे पडणार हे सम्यकला चेंडू हातातून सुटला तेव्हाच कळलं होतं. खुर्चीत बसल्याबसल्या त्याचा डावा पाय पुढे सरकला, खांदा वळला. तिथे कुणीच नव्हतं. मुलुंडचा दुसरा पोरगा निवांत आला, त्याने चेंडू उचलला आणि आत टाकला.

“हरले का आपले?” बाबांनी विचारलं.

“हरले.”

“तू असता तर?”

सम्यकने फेटा सारखा केला. “काही सांगता येत नाही, बाबा.”

सोमवारी त्याने शाळेला होकार कळवला. प्रियंकाने ओट्यावरचं लुधियाना उचललं, धुतलं, आणि वाळत घालताना नीट झटकून घातलं. घरात सत्काराचं घड्याळ लागलं. आत्या गावी परत गेली. धोंडिराम संध्याकाळी नाक्यावर जाऊन फ्लेक्सच्या बाजूला उभे राहू लागले. कुणी विचारलं की सांगत, “मुलगा? रिटायर झाला.” यावर दुसरा प्रश्न कुणी विचारत नसे.

मंगळवारी सर्वेश त्याला चहाच्या टपरीवर भेटला. चहा अर्धा झाल्यावर सर्वेश म्हणाला, “काल मी कुंडलिक सरांना फोन केला होता. तुझ्यासाठी. म्हटलं, सर, ते रिटायर वगैरे सगळं उगाच आहे, त्याला एकदा मैदानात बघा.”

“काय म्हणाले?”

“काही नाही रे. सोड.”

“सांग ना.”

सर्वेशने ग्लास खाली ठेवला. “टीम शुक्रवारीच फुल झाली होती त्यांची. रविवारी ते मेव्हणीच्या साखरपुड्याला आले होते, मागच्या हॉलमध्ये. जेवणाला उशीर होता म्हणून आपल्याकडे येऊन बसले.”